हरकती व सूचना

खिडकी क्रमांक तीन.
आत मी, स्टुलावर पंखा, सुतळीने बांधलेलं पेन.
मागच्या भिंतीवर येऊरच्या डोंगराचा नकाशा,
त्यावर हिरव्या पेन्सिलीचा गोल,
गोलात सुबक अक्षरं : प्रस्तावित निसर्ग विहार केंद्र.
जंगलात निसर्ग बांधायचा आहे,
त्यावर कुणाचं काही म्हणणं असेल तर
तीस दिवस.

पहिले दहा-बारा दिवस कुणी फिरकलं नाही.
मी शब्दकोडी सोडवली.
मग कुमुदिनी गुप्ते आल्या, निवृत्त, विषय भूगोल.
दोनशे पानी वहीत झाडं मोजून आणली होती,
ऐन, हेद, धावडा, कुंभा,
एकेकाला नंबर, बुंध्याचा घेर सेंटिमीटरमध्ये.
'पुरवणी जोडली तर चालेल ना?'
असं विचारलं, जणू परीक्षेला त्याच बसल्या होत्या.

एका सोसायटीचे चेअरमन आले.
त्यांची हरकत बिबट्यावर.
'तिथली झाडं गेली की तो येणार कुठे?
आमच्या बी विंगच्या पार्किंगमध्ये!'
घेतली. हरकत ती हरकत.

पहाटे डोंगर चढणाऱ्या सदतीस जणांचा
एकच मजकूर, झेरॉक्स, सह्या तेवढ्या वेगळ्या.
एकाने खाली निळ्या शाईत जोडलं होतं :
बायपासनंतर मी पहिल्यांदा न थांबता चाललो
तो याच रस्त्यावर. कृपया नोंद व्हावी.

नोंद.
चोवीस वर्षं आवक-जावक सांभाळतोय,
साहेब प्रत्येक कागदावर लिहितात 'नोंद घेतली'
आणि फाईल बंद होते.
त्याचा अर्थ तेवढाच असतो.

शेवटच्या दुपारी जमनी वरठा आली, पाड्यावरून.
कागद नव्हता. मीच कोरा काढला.
रकाना सात : हरकतदाराचा सदर जागेशी हितसंबंध.
सातबारा? नाय.
भाडेपावती? नाय.
मग काय लिहू, बाई?
ती नकाशाकडे बघत राहिली, हिरव्या गोलाकडे,
मग बोट ठेवलं गोलाच्या थोडं आत.
'हितं वाघोबा हाय.
दरसाल त्याला कोंबडा देताव.
तो आमाला वळखतो, आमी त्याला.
येवढा लिव.'

रकाना पाऊण इंचाचा.
बारीक अक्षरात लिहिलं,
तरी वाघोबा समासाबाहेर गेला.

मग पदराच्या गाठीतून तिने
कारवीची वाळकी काडी काढली, वीतभर.
'तीन वरसांनी फुलंल ही.
तवर थांबा म्हनावं.'
लिहिलं, सहपत्र : एक.
शिक्का मारायला गेलो तर बसेना,
काडीवर सपाट जागा कुठली?
दोनदा घसरला. माझ्याच अंगठ्यावर उमटला,
आवक, तारीख, अर्धी सही.
ती हसली. मीही.

साडेपाचला मुदत संपली. शटर अर्धं ओढलं.
पाच चाळीसला जिन्यात पावलं.
अकरा माणसं, बस चुकली म्हणून
डोंगरावरून चालत उतरलेली,
दोघींच्या कडेवर पोरं,
पायऱ्यांवर लाल मातीचे ठसे.

नियम सांगायला मी तोंड उघडलं.

शिक्क्यात तारखेचं एक चाक असतं.
रोज निघताना बोटाने ते पुढे सरकवतो,
सकाळची घाई नको म्हणून.
आज राहिलं होतं.
म्हणजे, मी ते राहू दिलं.
'या,' म्हटलं, 'पोरांना पंख्याखाली बसवा.'
सुतळीचं पेन पोचेना म्हणून
माझ्या खिशातलं दिलं.

फाईल आता साहेबांकडे आहे.
मी दोरी दोन्ही बाजूंनी ओढून बांधली होती,
पण मधोमध ती काडी.
नीट बंद होत नाही.